शाळा सुटल्यावरचे दोन तास हातांना द्या

साध्या शाळेत शिकणारं अंध मूल दिवसभर ऐकत असतं. फळ्यावर काय लिहिलंय ते शेजारचा मित्र कुजबुजतो, भूमितीची आकृती बाई तोंडी सांगतात, प्रयोगाच्या तासाला 'तू बसून ऐक' असं होतं. शाळा सुटल्यावर एखादा स्वयंसेवक येतो आणि गृहपाठ वाचून दाखवतो, म्हणजे पुन्हा ऐकणंच. हेतू चांगला असतो, कष्टही खरे असतात. पण असं शिकत आठवीपर्यंत आलेल्या मुलाला धडे पाठ असतात आणि स्वतःच्या हाताने चार ओळी शुद्ध लिहिता येत नाहीत. येणार तरी कशा? 'कवी'तला वी ऱ्हस्व की दीर्घ, हे मराठीत कानाला कळतच नाही. ते बोटाखालून जावं लागतं. शाळेनंतरचा वर्ग चालवणाऱ्यांना माझी विनंती एकच आहे: गृहपाठाला अर्धा तास पुरे, बाकीचा वेळ हातांना द्या.

सुरुवात ब्रेलपासून. मराठी ब्रेल १९५१ साली भारतीय भाषांसाठी ठरलेल्या भारती ब्रेलमध्ये लिहितात. एका घरात सहा ठिपके: डावीकडे वरून खाली १, २, ३ आणि उजवीकडे ४, ५, ६. ब्रेलची पाटी (कागद चिमटीत धरणारी) आणि स्टायलस (टोचणी) यांनी लिहिताना कागद मागून टोचला जातो, म्हणून उजवीकडून डावीकडे लिहायचं, मग पान उलटून डावीकडून उजवीकडे वाचायचं. नव्या मुलांच्या बहुतेक चुका इथल्याच. न म्हणजे १-३-४-५. तोच उलटा पडला की १-२-४-६ होतो, आणि तो ड. मूल 'नाक' लिहितं, वाचताना 'डाक' निघतं. ह आणि ज यांचीही अशीच जोडी आहे, त्यामुळे 'हात'चा 'जात' होतो. ए आणि इ, र आणि ठ यांचंही तेच. अशी चूक दिसली की 'शुद्धलेखन कच्चं' असा शेरा मारू नका. स्पेलिंग पक्कं आहे, बाजू उलटी झाली आहे.

यावरचा उपाय साधा आहे. 'लिहिताना सगळं आरशासारखं उलटं करायचं' असं मुलाला सांगूच नका, त्याने दोन वेगवेगळ्या लिप्या डोक्यात बसतात. त्याऐवजी सांगा की ज्या बाजूने घरात शिरतो ती १-२-३ ची बाजू. लिहिताना आपण उजवीकडून शिरतो, तर उजवी रांग १-२-३. वाचताना डावीकडून शिरतो, तर डावी रांग १-२-३. न प्रत्येक वेळी १-३-४-५ च राहतो, उलटं काही उरत नाही. आठ-दहा दिवस मुलाने ठिपक्यांचे आकडे तोंडाने म्हणत टोचले की हात बसतो.

डोळस शिक्षक आणि उशिरा दृष्टी गेलेली मुलं आणखी दोन ठिकाणी अडकतात. छापील मराठीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी येते, ब्रेलमध्ये ती उच्चाराप्रमाणे अक्षरानंतर येते. जोडाक्षरात मात्र हलन्ताचा ठिपका ४ अर्ध्या अक्षराच्या आधी द्यायचा. 'शक्ती' म्हणजे श, मग ठिपका ४, मग क, त, ई. हा नियम एकदा सांगून भागत नाही. रोज पाच जोडाक्षरी शब्द लिहून घ्या: पुस्तक, रस्ता, चक्र, वस्तू, मित्र.

कागद जाड हवा, नाहीतर ठिपका फाटतो किंवा दोन वाचनांत बसतो. सरावाला जुन्या कॅलेंडरची पानं उत्तम, घराघरांत पडून असतात. परीक्षेला आणि जपून ठेवायच्या वह्यांना मात्र ड्रॉइंग पेपरच घ्या, कारण कॅलेंडरच्या गुळगुळीत पानावर घामेजलेलं बोट अडखळतं. पाटीची पट्टी खाली सरकवताना कागद हलला तर पुढची ओळ तिरकी जाते, म्हणून वरची चिमटी घट्ट बसली आहे का ते मुलाने स्वतः चाचपायचं. वाचन दोन्ही हातांनी हवं: उजवा हात ओळ संपवत असताना डाव्याने पुढच्या ओळीची सुरुवात शोधलेली असावी. रोज पंधरा मिनिटं मोठ्याने वाचन घ्या. रविवारी दोन तास घेऊन ते भरून निघत नाही.

गणितासाठी आपल्याकडे टेलर पाटी आहे आणि ती कपाटात ठेवायची वस्तू नव्हे. पाटीला आठ कोनांची छिद्रं असतात, त्यांत धातूचे छोटे चौकोनी टाइप बसतात. टाइपच्या एका टोकाला कडेने उंच रेघ, दुसऱ्या टोकाला दोन ठिपके. रेघ आठ दिशांना फिरवली की १ ते ८ मिळतात, ठिपक्यांच्या टोकाने ९, ० आणि चिन्हं. एक दिशा म्हणजे ४५ अंश, त्यामुळे बोट जरा घाईत असलं की शेजारचा आकडा बसतो आणि रीत बरोबर असूनही उत्तर चुकतं. तपासताना आधी मुलाला मांडलेले आकडे वाचायला लावा, मग रीत विचारा. टाइप नेहमी काठ असलेल्या ताटलीत ठेवा. जमिनीवर पडलेला टाइप शोधण्यातच तास जातो आणि मुलाला गणित नकोसं होतं.

झटपट बेरीज-वजाबाकीला क्रॅनमर अबॅकस, म्हणजे अंधांसाठी बनवलेली मणीपाटी, बरा. त्याला १३ उभ्या तारा असतात, प्रत्येकीवर वर एक आणि खाली चार मणी, आणि मण्यांमागे फेल्टचा थर असतो. बाजारात स्पर्धांच्या शिकवणीला मिळणारा साधा अबॅकस देऊ नका. त्याचे मणी बोट लागताच घसरतात आणि वाचता वाचता उत्तर बदलतं. उभी मांडणी, हातचा, अपूर्णांक हे समजेपर्यंत टेलर, वेगासाठी अबॅकस, असा क्रम मला योग्य वाटतो.

आता नकाशा. छापील नकाशा जसाच्या तसा उंचावून मुलापुढे ठेवला की तो बोटांना नुसता खरखरीत कागद लागतो. जिल्ह्यांच्या सीमा, नद्या, शहरं, सगळं एकाच पानावर असेल तर कुठली रेघ कशाची हे कळायला मार्गच नसतो. एका पानावर एकच गोष्ट ठेवा. महाराष्ट्राच्या पहिल्या पानावर फक्त किनारा आणि सह्याद्री: किनाऱ्याला पातळ दोरा, समुद्राला फेविकॉलवर पसरलेला रवा, सह्याद्रीला जाड सुतळी. दुसऱ्या पानावर तेच दोन, आणि त्यांत गोदावरी, भीमा, कृष्णा लोकरीने. दोन रेघांमध्ये निदान अर्धा सेंटिमीटर मोकळी जागा राहू द्या, नाहीतर बोटाला त्या एकच वाटतात. नावं आकृतीत कोंबू नका, बाहेर लिहा आणि आत एका अक्षराची खूण ठेवा.

मग मुलाचं बोट त्र्यंबकेश्वरावर ठेवा आणि लोकरीवरून चालू द्या. समुद्र डावीकडे इतका जवळ, तरी गोदावरी त्याच्याकडे पाठ करून पूर्वेला जाते. हे बोटाला कळलं की 'असं का?' हा प्रश्न मूल आपणहून विचारतं, आणि सुतळीच्या पूर्वेला उतरतं पठार आहे हे सांगायची जागा आपोआप मिळते. हाच धडा ऐकताना असा प्रश्न फारसा येत नाही.

भूमितीला रबरी चटई, तिच्यावर पातळ प्लास्टिकचा कागद आणि शाई संपलेलं बॉलपेन एवढं पुरतं. दाबून काढलेली रेघ त्याच बाजूला उठते, म्हणजे मूल काढता काढता चाचपू शकतं. दातेरी चाकाने जाड कागदावर काढलेली रेघ मात्र मागच्या बाजूला उठते आणि आकृती डावी-उजवी उलटते. काटकोन त्रिकोणात डावी बाजू कोणती, उजवी कोणती असं विचारलंत तर मूल चुकेल, आणि चूक चाकाची असेल. घनाचं कागदावरचं चित्र देऊ नका, खोकं हातात द्या. लांबची बाजू लहान दिसते हा डोळ्यांचा अनुभव आहे, बोटांचा नाही.

विज्ञानात सगळ्यात जास्त उपयोगी पडणारी वस्तू म्हणजे सुई नसलेली २० मिलिलिटरची सिरिंज. तिच्या दांड्याला उभ्या कडा असतात. दट्ट्या ५ मिलिलिटरवर आणा, आणि नळीच्या वरच्या काठाला टेकून दांड्याच्या कडेवर कानशीने खाच पाडा. मग १०, १५, २०. दट्ट्याच्या रबराला दोन कडी असतात. माप तोंडाकडच्या कडीवर वाचायचं. मागच्या कडीवर वाचून खाचा पाडल्या तर प्रत्येक माप सारखंच चुकतं आणि ते बराच काळ लक्षात येत नाही. आता मूल अंगठ्याचं नख खाचेत अडेपर्यंत दांडा ओढतं आणि कुणाला न विचारता ५ मिलिलिटर मोजतं. हवेचा बुडबुडा आत राहू नये म्हणून पहिल्यांदा ओढलेलं पाणी सोडून द्यायचं आणि तोंड पाण्याखाली ठेवून पुन्हा ओढायचं.

आम्ल आणि आम्लारी ओळखायला लिटमसच लागतो असं नाही. एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकात वासाचे दर्शक दिलेले आहेत: कांदा, व्हॅनिला, लवंगेचं तेल. बारीक चिरलेला कांदा आणि कापडाच्या पट्ट्या एका पिशवीत घालून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी एका पट्टीवर सौम्य आम्लाचे थेंब, दुसरीवर सौम्य आम्लारीचे. दोन्ही पाण्याने धुऊन मुलाला हुंगू द्या. आम्लाच्या पट्टीला कांद्याचा वास राहतो, आम्लारीच्या जातो. थेंब मोठ्या माणसाने टाकायचे आणि पट्टी धुतल्याशिवाय नाकाजवळ न्यायची नाही.

खेळाला या सगळ्याइतकाच हक्काचा वेळ हवा. बुद्धिबळ हा अंध आणि डोळस मुलं बरोबरीने खेळू शकतात असा खेळ. पटाची काळी घरं उंच, प्रत्येक घराला भोक, सोंगटीला खुंटी आणि काळ्या सोंगट्यांच्या डोक्यावर खूण. सोंगटी चाचपली म्हणजे 'हात लागला' असं धरत नाहीत, ती भोकातून उचलली तरच लागली. समोरच्याचा पट वेगळा असू शकतो, दोघं चाली मोठ्याने सांगतात. आंतरराष्ट्रीय नियमांत उभ्या रांगांना ॲना, बेला, सीझर, डेव्हिड, ईव्हा, फेलिक्स, गुस्ताव, हेक्टर अशी नावं आहेत, कारण बी आणि डी ऐकताना एकच वाटतात. ती नावं पहिल्या दिवसापासून वापरा. नवं मूल तळहाताने पट पुसल्यासारखं चाचपतं आणि वजीर आडवा होतो. बोटं वरून, टोकांनी, आणि एक हात आपल्या डाव्या कोपऱ्यावर टेकलेला, ही सवय आधी लावा. ढिल्या खुंटीला चिकटपट्टीचा एक वेढा पुरतो. मुंबईचे चारुदत्त जाधव आणि त्यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला अखिल भारतीय अंध बुद्धिबळ महासंघ यांच्यामुळे स्पर्धांची वाट तयार आहे, तेव्हा हा खेळ 'विरंगुळा' म्हणून शिकवू नका.

धावण्याच्या खेळाला घुंगरांचा चेंडू नसेल तर फुटबॉल कुरकुरणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा. मैदानात टाळ्या आणि आरडाओरडा बंद, चेंडूचा आवाज त्यातच हरवतो. रेषा हव्या असतील तर जमिनीवर सुतळी ठेवून वर चिकटपट्टी लावा. गोलबॉल या अंधांच्या खेळात अशीच रेष असते, ती पायाला आणि हाताला लागते.

अंशतः दिसणाऱ्या मुलांची गरज वेगळी, आणि ती मुलं आपली अडचण लपवतात. चकचकीत कागद नको, जाड काळं पेन द्या, पुस्तकाला तिरकं स्टँड द्या म्हणजे मान वाकत नाही, उजेड खांद्यामागून येऊ द्या. रातांधळेपणा असलेलं मूल चार वाजता बिनधास्त पळतं आणि साडेसहाला दारातल्या पायरीला अडखळतं. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. थंडीत वर्ग अर्धा तास आधी सोडा, नाहीतर पांढरी काठी त्या मुलालाही शिकवा.

नववीपासून आठवड्याचा एक तास लेखनिकासाठी, म्हणजे परीक्षेत मुलाने सांगितलेलं उत्तर लिहून घेणाऱ्यासाठी, ठेवा. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये परीक्षेच्या तासाला किमान २० मिनिटं जादा होती, आणि स्वतः आणलेला लेखनिक उमेदवारापेक्षा एक पायरी खालच्या इयत्तेचा असावा लागे. म्हणजे दहावीच्या मुलाचं उत्तर असा कुणीतरी लिहिणार, ज्याने तो भाग शिकलेलाच नाही. 'वर्गमूळ' म्हटल्यावर चिन्ह कुठपर्यंत ओढायचं, हे मुलालाच सांगता आलं पाहिजे. सरावाला मुद्दाम विषय न येणारं मूल लेखनिक म्हणून बसवा. 'नवा परिच्छेद', 'अंश संपला, आता छेद', 'शेवटची ओळ वाचून दाखव' हे तोंडात बसू द्या. आकृतीच्या प्रश्नाला आधी बिंदूंची नावं सांगायची, मग लांबी, मग जोडणी.

संगणकावर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो आणि मराठी वाचतो. मराठी टंकनासाठी इनस्क्रिप्ट शिकवा. कळफलकावर उंचवटा असलेल्या दोन कळांवर तर्जन्या ठेवल्या की डावीखाली पहिली वेलांटी आणि उजवीखाली र येतो, तिथून बाकीची अक्षरं मोजता येतात.

शेवटची दहा मिनिटं आवराआवरीची, आणि ती मुलांनीच करायची. टाइप ताटलीत मोजून, पाटी पिशवीत, सिरिंज धुऊन पालथी. तुम्ही आवरून ठेवलंत तर उद्या वस्तू कुठे आहे हे मुलाला तुम्हालाच विचारावं लागेल. बसथांब्यापर्यंत जाताना मुलाचा हात धरून ओढू नका. काठी त्याच्या हातात, तो पुढे, आणि तुम्ही दोन पावलं मागे, गप्प.