आमची वाटचाल : चपट्या कानाचा पुतळा

धंद्याला एकवीस वर्षं झाली, त्यातली अठरा तरी सांगण्यासारखी नाहीत, कपड्यांच्या दुकानात लागतात ते फायबरचे पुतळे बनवले, विकले, तुटलेले रिपेअर केले. सांगायचंय ते कानाचं.

आमच्या पहिल्या लेडीज पुतळ्याचा डावा कान जरा चपटा आहे. मातीत मॉडेल करताना माझाच अंगठा लागला आणि लक्षात येईपर्यंत मोल्ड निघालेला. म्हटलं, विगखाली कोण बघतंय. तिसऱ्या वर्षी एका मोठ्या शोरूमच्या काचेत नवे पुतळे दिसले, आमचे नव्हते, पण कान तोच! एकाने आमचाच एक पीस नेऊन त्यावरनं मोल्ड काढलेला. अशा कॉपीत रेझिन, म्हणजे पुतळा ज्याचा बनतो ते घट्ट होणारं रसायन, आकसतं, पीस किंचित बारीक निघतो, कंबरेचा जॉइंट नीट बसत नाही. पण गिऱ्हाइकाला भाव दिसतो, जॉइंट कुठे दिसतो. तो माणूस आजही स्वतःला डिझायनर म्हणवतो, असो.

मग मीही अक्कल गहाण टाकली. त्याच्या भावात द्यायचं म्हणून ग्लास मॅटचा, म्हणजे रेझिनमध्ये घालायच्या काचधाग्याच्या कापडाचा, एक थर कमी केला, आणि थंडीत रेझिन सुकेना म्हणून ते घट्ट करणारा हार्डनर वाढवला. शंभर ग्रॅम रेझिनला एक-दोन ग्रॅम पुरतो, मी अंदाजाने ओतत गेलो. 40 पीस गेले आणि दोन महिन्यांत जेलकोटला, म्हणजे वरच्या गुळगुळीत थराला, केसासारखे तडे, मानेपासून खाली. सगळे परत. वर्कशॉपच्या दारात चाळीस उघड्या बायका ओळीने उभ्या आणि मी त्यांच्यातनं वाट काढत उधारीवाल्यांचे फोन टाळतोय. कॉम्प्रेसर विकला, स्प्रे गन तेवढी ठेवली, ती अजून तीच आहे, नोझल तीनदा बदललं.

तेव्हा एकच ऑर्डर टिकली, एका दुकानवाल्या ताईंची. छोटं दुकान, चार पुतळे, चारही आमचे. म्हणाल्या, "दादा, मला स्वस्त नको, हात निघतील असे द्या." कपडे कसे घालायचे ते त्यांच्याकडनं शिकावं: आधी खालचा भाग उलटा धरून पँट, मग स्टँडवर, मग धड बसवायचं, हात काढून शर्ट, आणि शेवटी बाहीतनं हात सरकवून फिरवायचे. लोक हात न काढताच ओढतात आणि मनगट तुटलं की आम्हाला शिव्या.

आणि बूट घालायचे असतील तर पोटरीत स्टँडचा रॉड जाणारा पुतळा घ्या, तळपायातला घेतलात तर बुटाला भोक पाडावं लागेल. लेडीज पीसची टाच किती उचललेली आहे ते पण बघा, उंच टाचेच्या पायात सपाट चप्पल घातली की पुतळा मागे कलतो. चेहरा वगैरे नंतर बघा हो.

कान आम्ही नंतर नीट केला. ताईंचे चारही जुन्या मोल्डचे, बदलून देतो म्हटलं तर नको म्हणाल्या. परवा त्यातल्याच एकाचा अंगठा चिकटवायला आलाय, तो आधी करायचाय.