आजीच्या नऊवारीचे लंगोट

लेकीच्या लंगोटांसाठी आईने नवे कापड आणले नाही; आजीची धुऊन धुऊन मऊसूत झालेली सुती नऊवारी फाडली आणि शिवण बाळाच्या मांडीला काचू नये म्हणून दुमड बाहेरच्या बाजूला घेतली. रात्री मात्र मी जाड घडीचे कापडी डायपर वापरते. शीचा लंगोट आधी थंड पाण्यातच खळबळून घ्यावा, कारण गरम पाण्याने डाग पक्का बसतो; कपडे मऊ करणारे द्रावण तर मुळीच घालू नये, त्याचा थर धाग्यांवर बसून कापड शोषेनासे होते आणि बाळ ओल्यातच राहते. पावसाळ्यात लंगोट पंख्याखाली वाळवून मी वरून इस्त्री फिरवते. उघडीप मिळताच ते उन्हात घालते. पिवळे डाग तिथे फिके पडतात.