तुम्ही विचारलंत म्हणून: एवढं शिकून गावात शिकवणी कशाला?

एसटीत शेजारी बसलेले काका विचारतात, हॉस्टेलचे मित्र विचारतात, आणि मोठी आई तर दर खेपेला: "एवढा शिकून रायला, मंग पोट्ट्यायच्या ट्युशना कायले घेतं रे बाप्पा?" महिन्यातले दोन शनिवार मी नागपूरहून यवतमाळ गाठतो, तिथून दारव्ह्याची गाडी. फी घेत नाही. गेट ही प्रवेश परीक्षा पास असल्यामुळे एम.टेक.ला महिना १२,४०० रुपये मिळतात. वेळेवर आले तर भागतं.

समाजसेवा वगैरे कोणी म्हटलं की मलाच हसू येतं. मला जावंसं वाटतं ते एका मीटरमुळे.

दहावीचा 'विद्युतधारेचे परिणाम' हा धडा चालू होता. पुस्तकातल्या दिव्यांना पोरं कंटाळली होती, म्हणून विहिरीवरची पाच एचपीची मोटर घेतली. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट, पाचाचे ३,७३०. आठ तासांत जवळपास ३० युनिट. उत्तराखाली ऐटीत दोन रेघा मारल्या.

मागून एक जण म्हणाला, "भाऊ, आमच्या मीटरवर तं सदतीस पडते."

हा पोरगा रात्रीच्या लाइनीत, म्हणजे शेतात रात्री वीज येते तेव्हा, बापासोबत ओलिताला जातो. मोटर लावताना आणि बंद करताना मीटरचा आकडा तळहातावर पेनानं लिहितो. मी आधी मीटरलाच दोष दिला. मग डोक्यात उजेड पडला: एचपी म्हणजे मोटर जेवढं काम बाहेर देते ते. आत वीज जास्त ओढली जाते, वरची तापण्यात आणि घर्षणात जाते. कार्यक्षमता ८० टक्के धरली की ३,७३० चे साधारण ४,६६० वॅट होतात, आणि आठ तासांचे सदतीस युनिट. एम.टेक.वाला मी, कार्यक्षमताच विसरलो होतो! हॉस्टेलवर हे अजून सांगितलेलं नाही.

बाकी शिकवणं कमी, कागदंच जास्त. उत्पन्नाचा दाखला, जात पडताळणी, ३१ मार्चला संपणारं नॉन क्रिमीलेअर प्रमाणपत्र. माझी पडताळणी उशिरा आली आणि हातात आलेली जागा गेली. आधी सांगणारं घरात कोणी नव्हतं. म्हणून नववीपासूनच फाइल करायला लावतो. पोरं वैतागतात. वैतागू देत.

वेचणी लागली की वर्ग रात्री आठला. कापसाची मजुरी किलोवर; दिवसा पोरी कशाला येतील? रात्री येतात तेव्हा वाळल्या बोंडांनी बोटं ओरबाडलेली असतात, पेन जरा वरून धरतात.

त्या मीटरवाल्याला मोटरच्या पाटीवर कार्यक्षमता किती लिहिली आहे ते पाहायला सांगितलं होतं. परवा फोटो आला. चिखल पुसलेला, एचपी दिसतो, व्होल्ट दिसतात, नेमका तोच आकडा घासून गेलेला. खाली लिहिलं होतं, "भाऊ, आता आपणच काढू का?"