पैसे घ्या आणि टायर बसवा ना!

गिऱ्हाईक पैसे मोजायला तयार आहे, माल दुकानात पडलेला आहे, बसवणारा पोरगा हात पुसत मोकळा उभा आहे, आणि तरी काउंटरवरून उत्तर येतं, "हा टायर आम्ही तुमच्या गाडीला बसवणार नाही." जळगावात अजिंठा चौफुलीवर कुणी असं म्हणालं, तर संध्याकाळपर्यंत ती बातमी भुसावळला पोहोचेल. इथे कोलोरॅडोत ते हसून म्हणतात, वर कॉफी घेणार का विचारतात. कॉफी मी घेतली. राग मात्र अजून गेलेला नाही, म्हणून ही पोस्ट.

माझी पिकअप जुनी आहे, सेकंडहँड घेतलेली, इथे 'थ्री-क्वार्टर टन' म्हणतात त्या वर्गातली. (बाई माणूस एवढी मोठी गाडी कशाला चालवते, हा प्रश्न नातेवाइकांनी विचारून झाला आहे. ठिबकच्या पाइपची बंडलं स्कूटीवर मावत नाहीत, हे माझं उत्तरही देऊन झालं आहे.) ग्रीलीच्या आजूबाजूला मका, बीट, अल्फाल्फा आहे आणि पाण्याची मारामार आपल्यासारखीच आहे, त्यामुळे खानदेशातून ठिबक शिकून आलेल्या माणसाला काम मिळतं. अशाच एका शेताच्या फाटकापाशी मागच्या टायरमध्ये स्क्रू घुसला.

पंक्चर काढायला गेले, तर पहिला नकार तिथेच मिळाला. स्क्रू टायरच्या मधल्या पट्ट्यात नव्हता, कडेच्या खांद्याजवळ होता. इथला रिवाज असा आहे की भोक मधल्या पट्ट्यातच हवं, सहा मिलिमीटरपेक्षा मोठं नको, आणि टायर रिमवरून उतरवून आतून पॅच आणि प्लग दोन्ही लावायचे. टोच्याने बाहेरून रबराची वात खुपसून 'चला, निघा' हा प्रकार इथले दुकानदार करत नाहीत. खांद्याचा भाग चालताना सतत वाकतो, तिथे लावलेला पॅच सुटू शकतो, असं त्यांचं म्हणणं. मी टायरचा फोटो अमळनेरला मामांना पाठवला. मामा बोलेरो पिकअप चालवतात: दिवाळीनंतर कापूस, पुढे केळी, आणि लग्नसराईत वऱ्हाड. त्यांचं उत्तर लगेच आलं, "याले काय व्हयनं? आजून दोन साल चालई." टायर फेकून द्यायला सांगताहेत म्हटल्यावर दुसरं आलं, "अवं बाई, पैसा झाडले लागेल शेतस का?"

गाडी फोर-व्हील ड्राइव्ह असल्यामुळे एकच टायर नवा घालून भागत नाही. चारही चाकांचा घेर सारखा नसला तर फोर-व्हीलमध्ये टाकल्यावर ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या डब्यावर, ताण येतो. बाकीचे तिन्हीही घासत आले होते. म्हणजे चार घ्यायचे, नाइलाज.

मग रात्री बसून शोधाशोध. साइज 265/70 आर 17. याच साइजमध्ये दोन जातीचे टायर मिळतात हे मला तेव्हा कळलं. एक साधा, कार आणि एसयूव्हीसाठीचा, त्यावर 115 लिहिलेलं असतं. दुसऱ्यावर साइजच्या आधी 'एलटी', म्हणजे लाइट ट्रक, लोड रेंज ई आणि 121/118. आपल्याकडे 'टेन प्लाय' म्हणतात तो हाच, मात्र आत खरोखर दहा थर नसतात. जुन्या दहा थरांइतकं बळ आहे एवढाच त्याचा अर्थ. 115 म्हणजे एक टायर 1,215 किलो पेलतो. 121 म्हणजे 1,450. उंची-रुंदी तीच, रिम तीच, पण पहिला स्वस्त, मऊ चालणारा, डिझेल कमी खाणारा. मी पहिला निवडला. माझी गाडी बहुतेक वेळा अर्धी रिकामीच धावते, हे मलाच माहीत ना!

काउंटरवरच्या पोराने काहीच वाद घातला नाही. बाहेर आला, माझं दार उघडलं आणि दाराच्या खांबावरचं स्टिकर दाखवलं. सिगारेटच्या पाकिटाएवढा कागद. त्यावर टायरची साइज, पुढे किती हवा, मागे किती हवा, आणि वर एक वाक्य: माणसं आणि माल मिळून वजन इतक्या किलोच्या वर कधीही जाता कामा नये. त्या साइजच्या आधी एलटी छापलेलं होतं. मागच्या चाकांपुढे 80 पीएसआय. तो म्हणाला, "कंपनीने ही गाडी ज्या टायरवर पास केली, त्याच्यापेक्षा कमी वजन पेलणारा टायर आम्ही लावत नाही. शिवाय कारचा टायर पिकअपला लावला, तर त्याची क्षमता 1.10 ने भागून धरावी लागते." म्हणजे 1,215 चे झाले साधारण 1,100. आधीच्या टायरपेक्षा चाकामागे साडेतीनशे किलो कमी.

मी म्हटलं, मी एवढं वजन भरतच नाही. तो म्हणाला, आज नाही भरत. मी म्हटलं, लिहून देते. तो म्हणाला, लिहून घेऊनही आम्ही बसवत नाही. मी म्हटलं, गाडी माझी, पैसे माझे, जीवही माझा. त्यावर तो फार शांतपणे म्हणाला, "तुम्ही उद्या ही गाडी विकलीत, तर ज्याने घेतली त्याला हे कुठे माहीत असणार?"

या वाक्याचं मला त्या क्षणी उत्तर सुचलं नाही. घरी येताना सुचलं: गाडी विकताना मी सांगीन की! पण तोवर उशीर झाला होता.

आता मुद्द्याचं बोलते. मला हा नकार सुरक्षेपेक्षा वकिलाच्या भीतीचा जास्त वाटतो. इथे टायर फुटला आणि माणूस मेला, तर शेवटचा पाना कोणी फिरवला इथपर्यंत खटला पोहोचतो. दुकानदार माझी काळजी करत नाही, स्वतःची करतो. आपला पंक्चरवाला तुमच्यावर विश्वास ठेवतो. तुम्ही म्हणालात 'लाव', की तो लावतो, कारण गाडी काय करते हे तुम्हाला त्याच्यापेक्षा जास्त माहीत आहे असं तो धरून चालतो. हा मला मोठा मान वाटतो. आणि कसब म्हणाल तर आमच्या अमळनेरचा पंक्चरवाला मशीन नसताना, दोन टॉम्या आणि एक हातोडा घेऊन, टायर रिमवरून जेवढ्या वेळात उतरवतो, तेवढ्या वेळात इथे कॉम्प्युटरवर माझं नाव टाइप होत होतं.

पण मग मला तरसोद-फागणे चौपदरीकरण रखडलं होतं ते दिवस आठवतात. जळगाव-धुळे रस्त्यावर खड्डा चुकवताना मामा एक हात स्टिअरिंगवर आणि एक कान मागच्या डाव्या चाकाकडे लावून बसायचे. मामांच्या गाडीलाही वजनाची मर्यादा आहे. आपल्याकडे मालवाहू गाडीच्या अंगावर ती रंगवलेली असते, यूएलडब्ल्यू (रिकाम्या गाडीचं वजन) इतकं, जीव्हीडब्ल्यू (मालासकट एकूण वजन) इतकं, 'बुरी नजरवाले'च्या शेजारी. केळीच्या सिझनला ते आकडे पाल्याखाली कुठे जातात हे मी इथे लिहिणार नाही, आरटीओतले लोकही ब्लॉग वाचत असतील. मे महिना, पंचेचाळीस डिग्री, डांबर पातळ झालेलं, गाडी वजनापेक्षा जास्त भरलेली आणि हवा कमी. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्याला जास्त दबतो, दबला की तापतो, आणि तापून तापून आतले थर सुटतात. फुटतो तेव्हा लोक म्हणतात उन्हाने फुटला. ऊन शेवटी येतं, वजन आणि हवेने त्याआधीच काम केलेलं असतं.

अमेरिकेलाही हे जन्मजात येत नव्हतं, हे मी जरा आनंदानेच सांगते. 2000 सालाच्या आसपास इथे एका लोकप्रिय एसयूव्हीच्या टायरची वरची पट्टी भर वेगात सुटून गाड्या उलटत होत्या. दोनशेहून जास्त माणसं गेली, आणि त्यातले बरेच अपघात टेक्सास, अ‍ॅरिझोना, फ्लोरिडा अशा गरम राज्यांतले होते. कमी हवा, जास्त वजन, ऊन, वेग, म्हणजे आपलाच हिशोब. त्यानंतर 2000 मध्येच 'ट्रेड (TREAD) अ‍ॅक्ट' हा गाड्यांच्या सुरक्षेचा कायदा आला, आणि त्यातूनच 2008 च्या मॉडेलपासून सगळ्या हलक्या गाड्यांत हवेचा दाब सांगणारा पिवळा दिवा सक्तीचा झाला. ठरवून दिलेल्या दाबाच्या 25 टक्के खाली हवा गेली की तो पेटतो. इथे पहिली थंडी पडली की सकाळी अर्ध्या गावाचा हा दिवा पेटतो, कारण साडेपाच डिग्री तापमान उतरलं की साधारण एक पीएसआय हवा उतरते. मामा पान्याने टायर ठोकून आवाजावरून हवा सांगतात. मामांचा पान्याचा अंदाज पाचेक पीएसआयच्या पलीकडे चुकत नाही, असं त्यांचं स्वतःचं म्हणणं आहे.

मामा घासलेल्या टायरवर नवं रबर चढवून घेतात, म्हणजे रिमोल्ड करतात. त्यावरून त्यांना कोणी हिणवू नये म्हणून हेही लिहून ठेवते. इथल्या मोठ्या ट्रेलरना सर्रास रबर चढवलेले टायर असतात, हायवेच्या कडेला त्यांच्या काळ्या पट्ट्या पडलेल्या दिसतात. विमानांच्या टायरनाही पुन्हा पुन्हा रबर चढवतात. तेव्हा आपण मुंबईहून डेन्व्हरला येतो ते कदाचित रिमोल्डवरच उतरतो.

मामांशी खरा वाद झाला तो दुसऱ्याच गोष्टीवरून. दोनच नवे टायर घेतले तर ते पुढे घालायचे की मागे? मामांच्या गाडीत उतरंड पक्की आहे: नवा पुढे, पुढचा मागे, मागचा स्टेपनीला, स्टेपनीचा रिमोल्डला. पुढचा फुटला तर स्टिअरिंग जातं, हे त्यांचं कारण. इथे दुकानवाले दोन नवे टायर मागेच लावतात. ओल्या रस्त्यावर पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाते आणि माणूस वेग कमी करून सावरू शकतो. मागची सुटली तर शेपूट फिरतं आणि साध्या ड्रायव्हरला काही करता येत नाही. मी हे सगळं व्हॉइस नोटवर समजावलं. मामा म्हणाले, पाऊस चार महिने, खड्डे बारा महिने. नवा पुढेच.

शेवटी मी एलटी, लोड रेंज ई घेतले. हायवेचे गुळगुळीत घ्यायचे, ऑल-टेरेन (कच्च्या-पक्क्या दोन्ही रस्त्यांचे) घ्यायचे की चिखलाचे, यात फार वेळ गेला नाही. चिखलाचे दिसायला दांडगे, पण डांबरावर भुंग्यासारखे गुणगुणतात आणि लवकर झिजतात. ऑल-टेरेन घेतले, आणि त्यातही कडेला तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण असं चिन्ह असलेले. नुसतं 'एम+एस' (मड अँड स्नो, चिखल आणि बर्फ) लिहिलेलं असेल तर ते खाचांच्या ठेवणीवरून मिळतं. डोंगराचं चिन्ह प्रत्यक्ष बर्फावर चाचणी घेऊन मिळतं. माझ्या फोर-व्हील गाडीला ते नियमाने सक्तीचं नाही, पण बर्फात मला ते हवंच होतं. नियम बघायचा तर डेन्व्हरहून पश्चिमेला आय-70 वर मॉरिसन ते डॉटसेरो या पट्ट्यात 1 सप्टेंबर ते 31 मे असा नियम आहे: फोर-व्हील ड्राइव्ह तरी हवी, नाही तर बर्फात चालणारे टायर हवेत, नाही तर साखळ्या सोबत हव्यात. आणि खाचेची खोली किमान 3/16 इंच, म्हणजे पावणेपाच मिलिमीटर. एरवी कायद्याला 1.6 मिलिमीटर पुरते, आणि गंमत म्हणजे भारतातला नियमही कारसाठी 1.6 चाच आहे. म्हणजे कागदावर आपण बरोबरीत आहोत. घाटात ते तिपटीने कडक होतात, आपण घाटात हॉर्न वाजवतो.

घरच्यांसाठी एक कामाची गोष्ट. टायरच्या बाजूला एका लंबगोलात चार आकडे असतात, भारतातल्या टायरवरही. पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. नवा म्हणून विकत घेताना ते बघा. खाच कितीही खोल असली तरी रबर पडून पडून म्हातारं होतं. मामांनी त्याच रात्री टॉर्च घेऊन स्टेपनी तपासली. निघाली 3414. "म्हणजे तुझ्या लग्नाच्या आधीची," असा हिशोब त्यांनी लावला आणि ती परत जागेवर ठेवली.

चार टायर, बसवणं, बॅलन्सिंग, आणि जुने चार टाकून देण्याचेही वेगळे पैसे. आपल्याकडे जुना टायर कोणी ना कोणी घेऊन जातो, पत्र्यावर ठेवायला नाही तर गोठ्यात. इथे तो न्यायचे पैसे आपण द्यायचे. सगळं मिळून रुपयांत लाखाच्या घरात गेलं. त्या 115 वाल्यांत यातले बरेच वाचले असते, आणि मागच्या चाकांत 80 पीएसआय भरलेली रिकामी गाडी काँक्रीटवर जशी उडते तशी उडलीही नसती.

निघताना पोरगा म्हणाला, शंभर मैल झाले की या, नट पुन्हा आवळून देतो, फुकट. गेले, त्याने टॉर्क रेंच लावून एकेक नट तपासला आणि खरोखर काही घेतलं नाही. मामांना हेही पटलेलं नाही. त्यांच्या मते ते पैसे आधीच्या बिलात कुठे तरी असणार, नीट बघ.