चालत्या आरव्हीत छतावरचा एसी: माझा अनुभव

आमच्या आरव्हीच्या (आत राहण्याची सोय असलेल्या गाडीच्या) डॅशबोर्डमधला एसी पुढच्या दोन सीटपुरताच. भर दुपारी मागे बसलेल्या आईपर्यंत त्याची गार हवा पोचत नाही. म्हणून छतावरचा एसी गाडी चालू असतानाही चालवायचा, आणि तोही जनरेटरच्या धडधडीशिवाय, असं ठरवूनच कामाला लागलो.

आधी क्लॅम्प मीटर (वायरभोवती अडकवून करंट मोजणारा) लावून मोजलं. १३,५०० बीटीयूचा (गार करण्याच्या क्षमतेचं माप) आमचा एसी कॉम्प्रेसर चालू असताना साधारण १,४०० वॉट ओढतो. इन्व्हर्टरमध्ये दहा टक्के जातात असं धरलं तर बॅटरीतून १,५५० वॉट निघायला हवेत. १२ व्होल्टच्या सिस्टिमवर हे झाले जवळपास १२० अँपिअर. पुढचं सगळं या आकड्याने ठरवलं.

कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट करंट मागतो आणि इन्व्हर्टर नेमका तिथेच ट्रिप होतो. त्यासाठी एसीत सॉफ्ट स्टार्टर (सुरुवातीचा हा झटका कमी करणारा डबा) बसवला. आता ३,००० वॉटचा प्युअर साइन वेव्ह (घरच्या विजेसारखी वीज देणारा) इन्व्हर्टर कुरकुरत नाही. सॉफ्ट स्टार्टरच्या या छोट्या डब्यावर पैसे वाचवू नयेत असं माझं ठाम मत आहे.

बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची, ४०० अँपिअर-अवर, म्हणजे सुमारे ५.१ युनिट. लेड-अ‍ॅसिडचा विचार सोडून दिला, कारण इतका मोठा करंट सतत ओढला की तिची क्षमता घटते, आणि रोज अर्ध्याच्या खाली उतरवली तर आयुष्यही.

खरा विचार करावा लागला तो अल्टरनेटरचा, म्हणजे इंजिनवर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्राचा. लिथियम बॅटरीचा अंतर्गत रोध फार कमी असतो, त्यामुळे थेट जोडली तर मिळेल तेवढा करंट ती ओढत राहते. त्यात गाडी नुसती आयडलवर उभी असेल तर अल्टरनेटरचा पंखाही मंद फिरतो. मग अल्टरनेटर तापून जळू शकतो. म्हणून अल्टरनेटर आणि बॅटरीच्या मध्ये ६० अँपिअरचा डीसी-टू-डीसी चार्जर (करंटला मर्यादा घालणारा) घातला, त्यातून साधारण ८०० वॉट येतात. छतावरच्या ६०० वॉटच्या सोलर पॅनेलमधून भर उन्हात ४०० च्या आसपास. मिळून १,२००. उरलेले ३५० वॉट बॅटरी देते, आणि कॉम्प्रेसर थांबला की तीच परत भरू लागते. ऊन नसेल तर तूट ७५० वर जाते, तरी पाचेक तास निघतात.

वायरिंगमध्ये घाई केली नाही. १२० अँपिअरला एखाद्या ढिल्या जोडात ०.०१ ओहम रोध असला तरी १४४ वॉट उष्णता त्या एका जागी साठते; आग लागायला तेवढं पुरतं. ७० चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल, शक्य तितकी आखूड. लग (केबलच्या टोकाचे धातूचे जोड) हायड्रॉलिक क्रिंपरनेच दाबलेले. बॅटरीच्या पॉझिटिव्हला लागूनच क्लास टी फ्यूज (शॉर्ट-सर्किटचा फार मोठा करंटही तोडणारा). तासभर लोडवर चालवून प्रत्येक जोडाचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने तपासलं.

इंजिन बंद करून थांबलो तर, ढग असताना, एसी अडीच तास चालतो. बॅटरी २० टक्क्यांवर आली की इन्व्हर्टर बंद होईल असं सेट केलंय, कारण फ्रिज, पाण्याचा पंप आणि दिवे त्याच बॅटरीवर आहेत.