यूस्टन स्टेशनशेजारी सापडलेले आजोबा

लंडनच्या बाकीच्या दिवसांबद्दल लिहिण्यासारखं फार नाही, पाऊस, रांगा आणि महागडी कॉफी. पण यूस्टन स्टेशनजवळचा एक पुतळा काही डोक्यातून जाईना. गुडघ्यावर बसून नकाशावर वाकलेला माणूस, शेजारी मांजर. हा मॅथ्यू फ्लिंडर्स, जहाजातून अख्ख्या ऑस्ट्रेलियाला वळसा घालून नकाशा काढणारा कॅप्टन, आणि मांजर त्याचं लाडकं ट्रिम. लोक त्याला बॅगा टेकवून फोनवर बोलत होते, मला खरंच राग आला.

कारण मी नुकतीच प्राचीन इजिप्तच्या वस्तूंच्या पेट्री म्युझियममधून आले होते. ते तिथून चालत जाण्याइतकं जवळ, युनिव्हर्सिटी कॉलेजच्या आवारात आहे आणि इजिप्तमध्ये उत्खनन करणारा फ्लिंडर्स पेट्री हा या कॅप्टनच्या लेकीचा मुलगा! आजोबा १८१४ मध्ये चाळिशीत गेले तेव्हा लेक ॲन जेमतेम दोन वर्षांची. पुढे १८५३ मध्ये, म्हणजे नातू जन्मला त्याच वर्षी, ऑस्ट्रेलियातल्या दोन वसाहतींच्या सरकारांनी कुटुंबाला पेन्शन मंजूर केली. इतक्या उशिरा! पोरगं तब्येतीने नाजूक, शाळेत जाणं जमलंच नाही, मग आई भाषा शिकवायची आणि वडील विल्यम जमिनीची मोजणी. बापलेकांनी मिळून स्टोनहेंज मोजलं आणि १८८० मध्ये पेट्री गिझाचे पिरॅमिड मोजायला निघाला. घरातच सगळं शिकलेला माणूस, मला त्या आईबापांचंच जास्त कौतुक वाटतं.

म्युझियममध्ये तिकीट नाही, गर्दी नाही, कपाटं मात्र खच्चून भरलेली. तिथे इजिप्तमधल्या तर्खानचा झगा बघा. पाच हजार वर्षांपूर्वीचं लिननचं कापड, बाह्यांवर बारीक चुण्या, आणि कोपराशी, काखेशी वापरून पडलेल्या सुरकुत्या. कुणीतरी तो खरंच अंगात घालून वावरलंय. मी तिथून हलूच शकले नाही. १९१३ च्या उत्खननातलं ते चिंध्यांचं गाठोडं १९७७ मध्ये साफ करायला घेतलं तेव्हा कुठे झगा कळला. पेट्री फुटक्या खापरासुद्धा नीट जपायचा, ती शिस्त इथे दिसते. त्याच्या वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पना मात्र मला अजिबात पटत नाहीत आणि त्या झाकूनही ठेवू नयेत.

आणि जन्मभर दुसऱ्यांच्या कबरी शोधणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या आजोबांची कबर हरवलेली होती! स्टेशनशेजारच्या जुन्या दफनभूमीत ती कुठे आहे हेच कुणाला माहीत नव्हतं. पेट्री १९४२ मध्ये जेरुसलेमला वारला, त्याला काही ती दिसली नाही. नव्या रेल्वेमार्गासाठी तिथे खोदकाम झालं तेव्हा, २०१९ मध्ये, शवपेटीवरच्या शिशाच्या पत्र्यावर नाव वाचून आजोबा सापडले. २०२४ मध्ये त्यांना लिंकनशरमधल्या त्यांच्या गावी, डॉनिंग्टनला, परत पुरलं. म्हणूनच सांगते, यूस्टनला गाडी बदलायची असेल तर तासभर काढून पेट्रीकडे जाऊन याच, आणि त्या पुतळ्याला बॅगा टेकवू नका.