पावसाळ्यात कुंभार्ली घाट: गाडी मागून सुटते तेव्हा

पुण्याहून चिपळूणला जाताना आम्ही उंब्रज, मल्हारपेठ, पाटण असा रस्ता धरला. ऐन श्रावण. पाटणपर्यंत सांगण्यासारखं काही नाही. कोयनानगर जवळ आलं तशी मात्र पावसाने झोड उठवली. वर्षाला 5000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणारा हा पट्टा आहे. हेळवाक मागे टाकलं, घाटमाथ्यावर चहा घेतला आणि धुक्यातच घाट उतरायला लागलो.

गाडी मामांची, चालवतही तेच होते. पुढच्या चाकांवर चालणारी छोटी गाडी, मागची सीट रिकामी. उजवीकडच्या एका उतरत्या वळणावर समोरून एसटी वर येताना दिसली. मामांनी ॲक्सिलरेटर सोडला आणि ब्रेकला जेमतेम पाय लावला. तेवढ्यात गाडीची मागची बाजू डावीकडे सरकली आणि तोंड एसटीकडे वळलं. आवाज नाही, धक्का नाही. डोळ्यांच्या आधी कमरेला कळतं की खालची सीट बाजूला चालली आहे.

मामांनी ब्रेक सोडला, स्टिअरिंग डावीकडे दिलं आणि मागचं सावरायला लागताच लगेच सरळ केलं. हे शेवटचं सरळ करणं फार महत्त्वाचं. तिथे उशीर झाला की गाडी उलट्या बाजूला फेकली जाते, आणि तो दुसरा हेलकावा पहिल्यापेक्षा जोराचा असतो. एसटीच्या ड्रायव्हरने गाडी जागेवर थांबवली होती. त्याचे मनापासून आभार.

पोफळीला उतरून टायर बघितले. पुढचे दोन्ही नवे, मागचे जवळजवळ गोटा. टायरवाल्याने "ओढणारी चाकं पुढची" म्हणून नवी जोडी पुढे टाकली होती. हा समज सगळीकडे आहे आणि तो धोकादायक आहे. दोनच टायर बदलणार असाल तर नवे मागे टाका, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी. टायर कंपन्याही हेच सांगतात. पुढची चाकं घसरली तर गाडी वळायची सोडून सरळ जाऊ पाहते. माणूस आपसूक वेग कमी करतो आणि बहुतेक वेळा ती ताब्यात येते. मागची घसरली तर गाडी फिरते, आणि फिरणारी गाडी सावरणं फार थोड्यांना जमतं. वळणात पाय काढला किंवा ब्रेक मारला की वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात. त्यात खाचा झिजलेल्या असतील तर पाणी बाहेर फेकलं जात नाही आणि रबर रस्त्याला टेकतच नाही.

खाच 1.6 मिलिमीटरवर आली की टायर कायद्याने बाद. खाचेच्या तळाशी रबराची छोटी आडवी पट्टी असते. ती टायरच्या पृष्ठभागाला भिडली म्हणजे संपलं. घाटातल्या पावसासाठी मी तर 3 मिलिमीटरच्या खाली जाऊच देणार नाही. पकड वाढावी म्हणून हवा कमी करणारेही भेटतात. ते करू नका, कमी हवेचा टायर पाण्यावर लवकर तरंगतो. दाराच्या चौकटीवर लिहिली आहे तेवढीच हवा ठेवा.

उतरताना वेग आणि गिअर दोन्ही वळणाच्या आधी कमी करा. वळणात पाय स्थिर. बोलेरो, ईको यांसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत तिसऱ्यातून दुसऱ्यात घेताना क्लच झटक्यात सोडू नका. इंजिनाचा ओढा थेट मागच्या चाकांवर येतो आणि तीच सुटतात. एबीएस आहे म्हणून निर्धास्त राहू नका: ते ब्रेक मारताना चाक अडकू देत नाही, पण फिरणारी गाडी धरून ठेवत नाही. ते काम ईएससीचं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोलचं. नवी गाडी घेताना सनरूफच्या आधी ते आहे का विचारा.

रस्त्यावर तीन गोष्टींकडे लक्ष ठेवा. दरडीखाली वाहून आलेला लाल चिखल, झाडांच्या सावलीतलं शेवाळ, आणि वळणावर ट्रकच्या टाकीतून सांडलेलं डिझेल. पाण्यावर इंद्रधनुषी तवंग दिसला की वळणाच्या आधीच वेग उतरवा.

धुक्यात हेडलाइट लो बीमवर ठेवा, चालत्या गाडीत चारही इंडिकेटर लावू नका. मागच्याला तुम्ही कुठे वळताय ते कळत नाही. वर येणाऱ्या गाडीला आधी वाट द्या. दरड पडली आहे का हे निघण्याआधी पाटण किंवा चिपळूणच्या ओळखीच्यांना विचारून घ्या, आणि अंधार पडायच्या आत घाटाखालचं शिरगाव गाठा.